जीटी-आरचे काटे आणि आताचा लाल दिवा

ऑगस्ट २०२५ मध्ये जपानच्या तोचिगी कारखान्यातून निसानची शेवटची आर३५ जीटी-आर बाहेर पडली आणि टर्बो इंजिनाची अवस्था आकड्यांत मांडणारे एक घराणे तूर्त थांबले. बूस्टचे, म्हणजे टर्बोने वाढवलेल्या हवेच्या दाबाचे, मीटर त्याहून बरेच जुने. १९६२ च्या ओल्ड्समोबिल जेटफायरमध्येही ते होते. पण पुढची पंचवीसेक वर्षे ते बहुतेक मिरवण्यापुरतेच राहिले. त्याचे खरे दिवस आले १९८९ ते २००२ या काळात, स्कायलाइन जीटी-आरच्या आर३२, आर३३ आणि आर३४ या पिढ्यांत.

या गाड्यांचे २.६ लिटरचे, जुळ्या टर्बोंचे आरबी२६ इंजिन ठणठणीत असले की काटे कुठे थांबतात, हे मालकांना तोंडपाठ असे. गरम इंजिन ९५० आरपीएमच्या आसपास आयडलिंगला असताना बूस्टचा काटा शून्याच्या बराच खाली, साधारण उणे ४५० ते ५०० मिलिमीटर पाऱ्यावर. तो शून्याकडे सरकला, तर कुठेतरी हवा गळते आहे असा पहिला संशय. (उंच डोंगरावर तो थोडा सरकतोच, तिथे हवाच विरळ.) पूर्ण ॲक्सिलरेटरला मूळ बूस्ट ०.७ बारच्या आसपास. हाव धरून १ बारच्या पुढे गेले की सिरॅमिकचे टर्बाइन चाक तुटण्याची भीती, आणि मीटर डोळ्यांसमोर असूनही अनेकांनी ते तोडून घेतले.

गरम इंजिनाचे ऑइल प्रेशर आयडलिंगला दीड-दोन बार, वरच्या आरपीएमला चारच्या पुढे. कूलंट ८० ते ९५ अंश, ऑइल ९० ते ११०. सर्किटवर १२० ओलांडले की एक लॅप सावकाश काढायची. ऑइल पाण्यापेक्षा उशिरा तापते, म्हणून पाण्याचा काटा जागेवर आला तरी टर्बोवर लगेच जोर द्यायचा नाही. १९९९ च्या आर३४ ने ५.८ इंची पडद्यावर इंजेक्टरवरचा भारही दाखवला.

त्याच दशकात खोटेपणाही शिरला. १९९५ पासून माझदा एमएक्स-५ च्या ऑइल प्रेशर मीटरमागे सेन्सरऐवजी नुसता स्विच आला. दाब किमान असला तरी काटा आपला निवांत मधोमध. अनेक कंपन्यांनी कूलंटचा काटाही असाच बांधून ठेवला, कारण तो जरा हलला की ग्राहक गॅरेज गाठत. आज लिटरभराच्या टर्बो हॅचबॅकही सर्रास दिसतात, पण कित्येक गाड्यांत मीटरच्या जागी थंडीचा निळा आणि तापल्याचा लाल दिवा उरला आहे. लाल लागतो तोवर उशीर झालेला असतो. हौशी चालक बिघाड तपासणीच्या ओबीडी सॉकेटला यंत्र जोडून मोबाइलवर कूलंट आणि बूस्ट पाहतात. ऑइल प्रेशर मात्र तिथेही बहुधा सापडत नाही. पुष्कळ गाड्यांत ते मोजणारा सेन्सरच बसवलेला नसतो.