गळक्या तोटीचा हिशेब

घरातील नळाची तोटी गळू लागली म्हणजे पहिले दोन दिवस तिची टपटप सर्वांना बोचते. मग तिच्याखाली बादली ठेवली जाते. बादलीतले पाणी तुळशीला व कुंड्यांना घातले जाते आणि काहीच वाया जात नाही, असे समाधान घरभर पसरते. वायसर बदलण्याचे काम या रविवारचे पुढच्या रविवारवर जाते. हे समाधान कितपत खरे आहे, आणि गळतीची किंमत शेवटी कशातून वसूल होते, हे पाहणे प्रत्येक संसारी माणसाच्या हिताचे आहे.

प्रथम पाण्याचाच हिशेब घ्यावा. गळणाऱ्या तोटीखाली एक लिटरची बाटली ठेवून ती किती वेळात भरते ते घड्याळावर पाहावे. समजा, ती एका तासात भरली. म्हणजे दिवसाचे २४ लिटर आणि वर्षाचे ८,७६० लिटर पाणी गेले. शहरांच्या पाणीपुरवठ्याच्या योजना आखताना आपल्याकडे माणशी दररोज १३५ लिटर पाणी धरतात. त्या मापाने हे एका माणसाचे जवळजवळ ६५ दिवसांचे पाणी झाले. खेड्यांसाठी २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनने माणशी ५५ लिटरांचे माप ठरविले. त्या मापाने तेच पाणी १५९ दिवस पुरते. अमेरिकेतील पर्यावरण संरक्षण खात्याच्या अंदाजाप्रमाणे तेथील सरासरी कुटुंबाच्या घरात गळतीमुळे वर्षाला पस्तीस हजार लिटरांहून अधिक पाणी फुकट जाते. गळती ही केवळ आपल्याकडील जुन्या नळांची खोड नव्हे, हे यावरून दिसेल.

हे आकडे मोठे वाटतात. परंतु त्यांचे रुपये केले, की ते आश्चर्य वाटावे इतके लहान होतात. ८,७६० लिटर पाणी दहा मीटर उंचीच्या गच्चीवरील टाकीत चढविण्यास, पंपाची दोन तृतीयांश शक्ती वाया जाते असे धरले, तरी सबंध वर्षात एक युनिट वीजही लागत नाही. ज्या गावात पाणीपट्टी वर्षाची ठराविक असते, तेथे गळतीने बिलात एका पैशाचाही फरक पडत नाही. तेव्हा ‘माणूस बोलावण्यापेक्षा गळलेले परवडले’ असे म्हणणाऱ्या गृहस्थाची बेरीज चुकत नाही. त्याने मांडलेले उदाहरणच अपुरे असते. गळतीने ज्या ज्या वस्तूंचा नाश होतो, त्यांत पाणी ही सर्वांत स्वस्त वस्तू होय. पाणी ज्यांतून वाट काढते ती भिंत, ते लाकूड, ते लोखंड आणि तो पाया, या वस्तू महाग आहेत. बादलीत पडणारी गळती निदान डोळ्यांसमोर असते. भिंतीत आणि जमिनीखाली चालणारी गळती दिसत नाही, आणि मोठे बिल येते ते तिचेच.

हे समजून घेण्यास बारडोलीसारखे दुसरे गाव क्वचितच सापडेल. उधना-जळगाव लोहमार्गावरील हे गाव मराठी वाचकांना परके नाही. १९६० पर्यंत सुरत जिल्हा मुंबई राज्यातच होता. १९२८ मध्ये वल्लभभाई पटेलांच्या नेतृत्वाखाली या तालुक्यातील शेतकऱ्यांनी २२ टक्क्यांनी वाढविलेला शेतसारा भरण्याचे नाकारले आणि चौकशीअंती ती वाढ सुमारे सहा टक्क्यांवर आली, हा इतिहास सर्वांनी शाळेत वाचलेला असतो. ज्या जमिनीवर तो सारा बसविला होता, ती कापसाची काळी जमीन पिकाला जितकी उदार, तितकीच घराच्या पायाला कठीण आहे.

काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे एक खनिज असते. त्याचे कण पत्त्यांच्या जुडीसारखे थराथरांचे असतात. थरांमध्ये पाणी शिरले, की ही जुडी फुगते. पाणी गेले, की आक्रसते. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पहिल्या पावसात त्या मिटतात, त्याचे कारण हेच. सबंध घराखालची माती एकसारखी फुगली, तर घर थोडे वर उचलले जाऊन पुन्हा खाली बसेल, आणि त्याचा फारसा उपद्रव होणार नाही. संकट येते ते माती एकाच कोपऱ्यात फुगल्याने. न्हाणीघराच्या फरशीखाली सांधा सुटला, की त्या एका कोपऱ्यातील माती बारा महिने ओली राहते आणि बाकी घराखालची कोरडी असते. ओला कोपरा वर उचलतो, कोरडा तसाच राहतो, आणि भिंत मध्ये ताणली जाते. मग दारांच्या व खिडक्यांच्या कोपऱ्यांपासून तिरप्या भेगा निघतात. दारे चौकटीत अडकू लागतात. घरमालक गवंड्याला बोलावून भेगा बुजवितो, वर रंग देतो, आणि पुढील वर्षी त्याच जागी भेगा पुन्हा उघडतात. भिंतीवर औषधोपचार चालू असतो. रोग मात्र फरशीखाली असतो.

बारडोलीच्या भागात याला आणखी एका गोष्टीची जोड मिळाली. तापी नदीवर प्रथम काकरापारचा बंधारा आणि नंतर १९७२ मध्ये उकाईचे धरण पूर्ण झाले. कालव्याचे पाणी आले, ऊस आला, साखर कारखाना भरभराटीस आला. त्याबरोबर या कालव्यांखालील पुष्कळ जमिनीत भूजलाची पातळी वर चढली आणि काही ठिकाणी जमिनी पाणथळ झाल्या. मिठाचा अंश असलेले असे पाणी विटांच्या सूक्ष्म छिद्रांतून दिव्याच्या वातीतील तेलाप्रमाणे वर चढते. ते सुकले, की क्षार मागे राहतात. भिंतीला लोणा लागतो आणि गिलाव्याचे पोपडे सुटतात. अशा घरात नळ गळू लागला, तर ती ओल जमिनीची की नळाची, हे ओळखणे कठीण होते आणि दुरुस्ती लांबते.

खडकावर घर बांधणाऱ्या शहाण्या माणसाचा दृष्टान्त शुभवर्तमानात आहे. काळ्या जमिनीच्या प्रदेशात मात्र खडक नेहमीच सहज हाती लागत नाही. म्हणून रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने अशा जमिनीसाठी तळाशी कंदाप्रमाणे फुगीर असणाऱ्या काँक्रीटच्या खांबांचा पाया प्रचारात आणला. हे खांब माती जेथे ऋतुमानाप्रमाणे फुगत व आक्रसत नाही, तेथपर्यंत खाली जातात. ज्यांची घरे पूर्वीच साध्या पायावर उभी आहेत, त्यांच्या हाती एकच उपाय उरतो : पायाजवळ पाणी मुरू न देणे. घराभोवती बाहेर उतरती फरसबंदी, पागोळ्यांचे पाणी दूर नेणारी पन्हळ, आणि जमिनीखालच्या टाकीवर व नळांवर सतत लक्ष. हीच काळी माती तापीच्या खोऱ्यातून खानदेशात आणि पुढे वऱ्हाड-मराठवाड्यात पसरलेली आहे. म्हणून बारडोलीच्या घराला जे लागू, ते नंदुरबारच्या वा अकोल्याच्या घरालाही लागू.

जमिनीपासून उंच असलेल्या मजल्यांवर पाण्याचा मार्ग वेगळा, परंतु परिणाम तोच. काँक्रीटमधील लोखंडी सळई ही सिमेंटच्या क्षारधर्मामुळे गंजापासून सुरक्षित राहते. वर्षानुवर्षे ओल झिरपली, हवा पोहोचली, की हे संरक्षण सरते. गंज हा मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा व्यापतो. त्या रेट्याने खालचे काँक्रीट फुटून छताचे तुकडे पडतात. लाकडी तुळयांची गत याहून वाईट. मुंबईच्या जुन्या चाळींत मोरी व संडास यांच्या शेजारच्या तुळया प्रथम कुजतात, हे तेथील रहिवाशांना ठाऊकच आहे. अशा जीर्ण इमारती पडू लागल्या, तेव्हा १९६९ मध्ये खास कायदा करून दुरुस्ती मंडळ नेमावे लागले आणि दुरुस्तीसाठी उपकर बसवावा लागला. एका घरातील दुर्लक्ष शेकडो घरांत झाले, म्हणजे त्याचा सार्वजनिक कर होतो, तो असा.

गळतीचा संबंध आरोग्याशीही आहे. जेथे नळाला दिवसातून थोडाच वेळ पाणी येते, तेथे उरलेल्या वेळात नळ रिकामा होतो व आत शोषण निर्माण होते. ज्या भोकातून पाणी बाहेर जात होते, त्याच भोकातून आता गटारातील घाण आत येऊ शकते. पुढच्या पाण्याबरोबर ती घरोघर पोहोचते. विषमज्वर आणि कावीळ या वाटेने पसरतात.

तेव्हा गळती वेळीच ओळखावी कशी ? ओल केवळ पावसाळ्यात दिसून नंतर वाळत असेल, तर ती बहुधा छताची वा बाहेरच्या भिंतीची. जोत्यापासून वर सुमारे एक मीटरपर्यंत सर्व भिंतींवर सारखा पट्टा असेल, तर ती जमिनीतून चढणारी. परंतु भर उन्हाळ्यातही एकाच जागी डाग राहत असेल आणि त्यामागे मोरी, न्हाणीघर किंवा नळाची वाट असेल, तर संशय नळावर घ्यावा. खात्री करण्यास रात्री सर्व तोट्या बंद करून मीटरचा आकडा लिहून ठेवावा व सकाळी पुन्हा पाहावा. मीटर नसेल, तर टाकीत येणारे पाणी बंद करून पातळीवर खूण करावी. एक मीटर लांब व एक मीटर रुंद टाकीत पातळी एक सेंटिमीटर उतरली, म्हणजे दहा लिटर पाणी गेले. संडासाच्या फ्लशच्या टाकीत शाईचे चार थेंब टाकून दहा मिनिटे थांबावे; पाणी न सोडता भांड्यात रंग उतरला, तर आतील झडप गळते आहे. ही गळती आवाज करीत नाही, म्हणून ती सर्वांत दीर्घायुषी असते.

राहिला प्रश्न पैसे कोणी द्यावयाचे, हा. वरच्याची मोरी आणि खालच्याचे छत, मालकाची भिंत आणि भाडेकरूचा नळ, यांवरून जन्माचे वैर झालेली घरे थोडी नाहीत. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनी याची सर्वसाधारण वाटणी केली आहे : सदनिकेच्या आतील मोरी-संडासाची गळती सदस्याच्या खर्चाने, आणि पावसाची व बाहेरील सामाईक नळांची गळती संस्थेच्या खर्चाने दुरुस्त व्हावी. विम्यावर मात्र फार भिस्त ठेवू नये. एप्रिल २०२१ पासून मिळणाऱ्या ‘भारत गृह रक्षा’ विम्यात टाकी वा नळ फुटून झालेली हानी धरलेली आहे. पण झिजेमुळे वर्षानुवर्षे मुरत गेलेल्या ओलीची भरपाई अशा विम्यातून मिळत नाही. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याने गळती दिसताच मालकाला तारीख घालून लेखी कळवावे; पुढे भिंत खचली, तर दोष कोणाचा, हे त्या कागदावरून ठरते.

आता पहिल्या हिशेबाकडे पुन्हा पाहावे. तोटीचे वायसर काही रुपयांत येते आणि काम अर्ध्या तासाचे असते. तेच राहून गेले, तर तोटीचा मळसूत्री दट्ट्या खराब होऊन सबंध तोटी बदलावी लागते. सांध्याची गळती भिंतीत शिरली, की लाद्या फोडाव्या लागतात. नळकाम करणारा, गवंडी, लादी बसविणारा आणि रंगारी अशा चौघांची मजुरी द्यावी लागते, आणि जुन्या लादीशी जुळणारी लादी बाजारात मिळत नाही ती नाहीच. पाया हलला, तर कित्येक वर्षांची शिल्लक त्यात जाते, आणि ती बहुधा मुलांच्या शिक्षणासाठी किंवा म्हातारपणासाठी ठेवलेली असते. दरेक पायरीवर खर्च वाढतो, आणि प्रत्येक पायरीला लागलेला असतो तो केवळ एक राहून गेलेला रविवार.

बारडोलीच्या शेतकऱ्यांनी सारा नाकारला, तो हिशेब मागून. गळका नळ घरावर जो सारा बसवितो, त्याची मागणी लेखी येत नाही, म्हणून त्याचा हिशेब घरातल्या माणसांनीच मांडावयास हवा. त्यासाठी एक बाटली आणि एक घड्याळ पुरे आहे.