सही कुणाची घ्यायची?

नीट-पीजीचा निकाल लागला की आपल्याकडे एकच आकडा बोलतो. इतकी रँक, म्हणजे मेडिसिन मिळेल, ऑर्थो मिळणार नाही. उमेदवार वॉर्डात कसा वागतो, रात्री दोनला बोलावलं तर तोंड वाकडं करतो का, हे कुणी कुणाला विचारत नाही. त्यामुळे एमबीबीएस करून अमेरिकेत रेसिडेन्सीसाठी अर्ज करणाऱ्या आपल्या मुलामुलींना परीक्षा कळतात, व्हिसा कळतो, शिफारसपत्रांपाशी मात्र ती अडखळतात. मग घरातून सल्ला येतो, ‘‘अगं, डीनसाहेब आपल्या ओळखीचे आहेत, त्यांचंच पत्र घे की!’’

हा सल्ला बहुतेक वेळा चुकीचा असतो.

तिकडची रीत अशी. बहुतेक शाखांचे अर्ज ‘इरास’ या केंद्रीय ऑनलाइन यंत्रणेतून जातात. तिथे पत्रं कितीही जमवा, एका प्रोग्रॅमला जास्तीत जास्त 4 जोडता येतात. पुष्कळ प्रोग्रॅम किमान 3 मागतात. लिहिणारे डॉक्टर किंवा त्यांच्या ऑफिसातलं कुणी ते पत्र थेट पोर्टलवर चढवतं. 1974 च्या एका अमेरिकी कायद्याने विद्यार्थ्याला आपल्याविषयीची कागदपत्रं पाहण्याचा हक्क दिला आहे. पण पत्र मागतानाच ‘मी हा हक्क सोडतो’ असं नोंदवायची सोय असते, आणि बहुतेक उमेदवार तो सोडतात. न सोडलेला दिसला की वाचणाऱ्याच्या मनात पाल चुकचुकते: पत्र मोकळेपणाने लिहिलंय ना?

जानेवारी 2022 पासून यूएसएमएलई या अमेरिकी वैद्यकीय परवाना परीक्षेच्या ‘स्टेप 1’ला गुण मिळेनासे झाले, आता फक्त पास किंवा नापास. त्याआधी तो तीन आकडी स्कोअर अर्ज गाळण्याची हुकमी चाळणी होता. आता नजर ‘स्टेप 2 सीके’च्या स्कोअरकडे आणि बाकीच्या कागदांकडे वळली आहे. या कागदांत पत्रांचं महत्त्व वेगळं, कारण उमेदवाराला रुग्णाशेजारी उभं राहिलेलं पाहणारा माणूस तिथेच बोलतो.

म्हणून पहिली कसोटी पदाची नाही. लिहिणाऱ्याने तुम्हाला काम करताना पाहिलंय का? एचओडींनी राऊंडला दोनदा मान डोलावली असेल तर ते लिहिणार, ‘विद्यार्थी कष्टाळू, नम्र व वक्तशीर आहे.’ आपल्याकडे ही स्तुती. तिकडे वर्षाला शेकड्यांनी पत्रं वाचणारा प्रोग्रॅम डायरेक्टर यातून एवढंच काढतो की, सांगण्यासारखं दुसरं काही नव्हतं. उलट युनिटमधल्या असोसिएट प्रोफेसर मॅडमनी लिहिलं, ‘कावीळ झालेल्या बाईंच्या नातेवाइकांना हिने पुन्हा बसवून खोदून विचारलं, टीबीची औषधं चालू असल्याचं निघालं, आणि आमच्या तपासाची दिशा बदलली,’ तर पद लहान असूनही पत्र वजनदार होतं. तुमच्यासोबत रात्र रात्र जागलेला सीनियर रेसिडेंट खरं तर सगळ्यात जास्त जाणतो, पण त्याच्या सहीला तिथे फारशी किंमत नाही. त्याचं मत मॅडमच्या कानावर जाऊन पत्रात उतरलं तर उत्तम.

इमर्जन्सी मेडिसिनवाल्यांनी या गोड गोड पत्रांना कंटाळून 1990 च्या दशकातच ठरावीक साच्याचा फॉर्म आणला. उमेदवाराला किती काळ ओळखता, यंदाच्या इतरांच्या तुलनेत तो कुठे बसतो, असं त्यात थेट विचारतात. सगळेच अलौकिक असले तर निवडायचं कुणाला, हा त्यांचा प्रश्न रास्तच होता.

आपल्याकडची एक जुनी सवय इथे नडते: ‘‘तूच लिहून आण, मी सही करतो.’’ सर व्यस्त असतात, हेतूही वाईट नसतो. पण एकाच उमेदवाराच्या तीन पत्रांत तीच वाक्यरचना, तीच विशेषणं दिसली की चारही पत्रांवरचा विश्वास उडतो. शिवाय स्वतःविषयी खोटी साक्ष स्वतःच तयार करणं, यात काही गैर आहे हे वेगळं सांगावं लागू नये. त्यापेक्षा सरांना बायोडेटा द्यावा आणि सोबत एका पानावर त्यांच्या युनिटमध्ये पाहिलेल्या केसेसची आठवण. मजकूर त्यांचा.

मुलींनी एक गोष्ट जास्त जपावी. फ्रान्सिस ट्रिक्स आणि कॅरोलिन सेंका यांनी एका अमेरिकी मेडिकल कॉलेजातल्या प्राध्यापकपदांसाठी आलेली तीनशेहून अधिक पत्रं तपासून 2003 मध्ये निष्कर्ष छापले. स्त्रियांविषयीची पत्रं सरासरीने आखूड होती, आणि शंकेला जागा ठेवणारी वाक्यं त्यांत अधिक. ‘मनमिळाऊ’ म्हणून कौतुक करणाऱ्या सरांपुढे ते केसेसचं पान म्हणूनच ठेवायचं.

अमेरिकेतल्या डॉक्टरचं पत्र हवं का? शक्य असेल तर हवंच, कारण तिथल्या वॉर्डात हा माणूस चालेल का, हे तोच सांगू शकतो. पण न्यू जर्सीतल्या मामांच्या क्लिनिकमध्ये महिनाभर नुसतं मागे उभं राहून मिळालेलं पत्र वेगळं, आणि इलेक्टिव्हमध्ये स्वतः हिस्टरी घेऊन, केस मांडून मिळवलेलं वेगळं. भारतातल्या पत्राचाही कमीपणा मानू नये. फक्त तिकडच्या वाचकाला आपलं सरकारी रुग्णालय डोळ्यांपुढे आणता येत नाही. ओपीडीची रांग केवढी, इंटर्न किती गोष्टी स्वतःच्या हाताने करतो, हे पत्रात दोन ओळींत आलं तर पुढचं कौतुक समजतं. शाखाही जुळायला हवी. सायकियाट्रीच्या अर्जात चारही पत्रं सर्जनची असतील तर वाचणारा बुचकळ्यात पडेल.

मागताना नुसतं ‘पत्र द्याल का’ विचारू नये. ‘‘सर, माझ्याविषयी मनापासून चांगलं लिहिता येईल का?’’ असं विचारावं, म्हणजे समोरच्याला नाही म्हणायला वाट राहते. ‘‘बघू, आठवण कर’’ आलं तर तो नकार समजून दुसरीकडे जावं. कोमट पत्र जोडण्यापेक्षा तीनच पत्रं पाठवलेली बरी. सप्टेंबरच्या अखेरीस प्रोग्रॅम अर्ज उघडतात, तेव्हा विचारणा उन्हाळ्यातच झालेली बरी. आणि माणसं पाच धरावीत. परीक्षा, परिषदा, गणपती यांत एखाद्याचं पत्र राहून जातंच. चढलं की नाही ते इरासवर दिसतं, त्यामुळे ऑगस्टमध्ये सरांना एक नम्र मेसेज टाकायला हरकत नसते.