फाटक्या टपाचा प्रश्न

मृगाचे वेध लागले की गोमंतकातील घराघरांतून आवराआवर सुरू होते. घरे शाकारली जातात, पडव्यांना माडाच्या झावळ्यांच्या झड्या बांधल्या जातात, सुकी मासळी, मिरची आणि सोले यांचे पुरुमेंत भरून ठेवले जाते. या साऱ्या धांदलीत एका वस्तूचा बहुधा विसर पडतो, आणि ती म्हणजे मोटारीचा कापडी टप. पत्र्याच्या छताखाली सुखरूप बसणाऱ्यांना हा विषय क्षुल्लक वाटेल. परंतु डिचोलीच्या खाणपट्ट्यात आणि पेडण्याच्या बागायतींत जुन्या जीपगाड्या अद्याप मुक्या जनावरासारख्या राबत आहेत. मोरजी, आश्वे, हरमल या किनाऱ्यांवर तर पर्यटकांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या उघड्या गाड्यांवर कित्येक कुटुंबांची चूल पेटते. जेथे वर्षाकाठी सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, तेथे फाटका टप ही थट्टेची बाब खचितच नव्हे.

या विषयाकडे आमचे लक्ष वेधले ते एका साध्या प्रसंगाने. पेडणे तालुक्यातील आमच्या एका बागायतदार स्नेह्याच्या जीपगाडीचा टप मागील बाजूने उसवला होता आणि खिडकीचे पारदर्शक प्लास्टिक पिवळे पडून तडकले होते. शहरातील एका दुकानदाराने टपाकडे धड न पाहताच निर्णय दिला, ‘शिवण्यात अर्थ नाही, सगळा टप बदला.’ आमचे स्नेही तेथून निघाले आणि डिचोलीतील एका वृद्ध कारागिराकडे गेले. खाणी जोरात होत्या त्या काळी या गृहस्थांनी मालट्रकांच्या ताडपत्र्या शिवण्यात आयुष्य घालविलेले. त्यांनी टपाचे कापड दोन्ही अंगठ्यांत धरून ताणून पाहिले, उन्हाकडे धरून न्याहाळले आणि म्हणाले, ‘कापड अजून जिवंत आहे, मेला आहे तो दोरा.’ दोन दिवसांत साऱ्या शिवणी नव्याने घातल्या गेल्या, खिडकी बदलली गेली, आणि तो सबंध पावसाळा गाडीत थेंब गळला नाही.

‘मेला आहे तो दोरा’ हे निदान पुस्तकातून आलेले नव्हे. ते हाताच्या बोटांतून आलेले ज्ञान आहे, आणि आमच्या चिंतेचा विषय तेच आहे. त्या कारागिराकडे आज एकही शिकाऊ मुलगा नाही. त्यांचा स्वतःचा मुलगा मोपाच्या विमानतळावर नोकरीस लागला आहे. त्यात गैर काहीच नाही. गैर आहे ते हे, की बापाची विद्या घेण्यास दुसरेही कोणी पुढे येत नाही.

वास्तविक पावसापासून आडोसा करण्याची ही कला आपल्या भूमीला परकी नाही. ‘ताडपत्री’ हा शब्दच ताडाच्या पानाची आठवण जागी ठेवून आहे. पानांचे इरले पाठीवर घेऊन आपल्या पूर्वजांनी चिखलात लावणी केली. मोटारीही आरंभी बहुतांशी उघड्याच असत. घोडागाडीचा घडीचा टप त्यांनी तसाच उचलला आणि १९२० नंतरच्या दशकात बंद गाड्यांचा काळ आला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी जीप निर्माण झाली तेव्हा कॅनव्हासचा टप पुन्हा मानाने परतला. तो वजनाने हलका, घडी घालता येणारा, आणि मुख्य म्हणजे सुईदोऱ्याने दुरुस्त होणारा होता. २०२० साली नव्या रूपात बाजारात आलेल्या थार गाडीलाही कापडी टपाचा पर्याय ठेवण्यात आला होता.

कापडी टपाचे शत्रू आपल्याकडे दोन्ही तालुक्यांनी वाटून घेतले आहेत. पेडण्याच्या किनाऱ्यावरील खारी हवा टपाखालच्या लोखंडी कमानींना गंजविते, आणि गंजलेली खरखरीत कमान आतून कापड कुरतडते. डिचोलीची तांबडी धूळ घडीत साचते आणि प्रत्येक हिसक्यासरशी कानशीसारखी घासते. ऊन आणि बुरशी हे शत्रू उभयतांना सामाईक आहेत. सुती कॅनव्हास भिजला की त्याचे धागे फुगतात आणि विणीतील छिद्रे आपोआप बुजतात, परंतु तो ओला असतानाच घडी केला तर आठवडाभरात बुरशी धरतो. रेक्झिनमधून पाणी आरपार जात नाही, पण उन्हाने त्यातील मऊपणा हळूहळू उडून जातो आणि ते घडीवर तडकते. सुती दोरा तर कापडाच्या आधीच कुजतो. म्हणूनच गळणाऱ्या टपांपैकी पुष्कळांचे कापड धडधाकट असते, गळत असते ती शिवण.

तेव्हा बदलावे केव्हा आणि शिवावे केव्हा? अनुभवी कारागिरांचा नियम सरळ आहे. अंगठ्याच्या ताणाने कापडच फाटत असेल तर त्यावर ठिगळ लावणे म्हणजे पैसा पाण्यात घालणे होय. तेथे टप बदलणेच शहाणपणाचे. कापड शाबूत असेल तर पॉलिस्टरच्या दोऱ्याने शिवण नवी करावी आणि सुईच्या छिद्रांवर मेण किंवा जलरोधक लेप द्यावा. फाटलेल्या जागी चिकटपट्टी न लावता गोल कोपऱ्यांचे ठिगळ आतून लावून शिवावे, कारण चौकोनी ठिगळाचा कोपरा आधी सुटतो. जोड देताना वरचा पदर खालच्या पदरावर यावा, जसे कौल कौलावर येते. खिडकी पिवळी पडली तर केवळ खिडकी बदलावी. आणि नवा टप चढविण्यापूर्वी कमानी खरवडून रंगवाव्यात. एरवी नव्या कापडाची गत जुन्यासारखीच होईल. समुद्रावरून परतताच गोड्या पाण्याने टप धुणे आणि पूर्ण सुकल्याखेरीज घडी न करणे, या दोन सवयींनी त्याचे आयुष्य कितीतरी वाढते.

काही मालक या कटकटीला कंटाळून कापड काढून वर पत्र्याचे छत ठोकून घेतात. त्यांनी मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ एकवार वाचावे. उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा फेरफार वाहनात करता येत नाही, हे ते कलम स्पष्टपणे सांगते. कापडाच्या जागी तसेच कापड घालण्यास मात्र कोणाची हरकत असण्याचे कारण नाही.

आता प्रश्न उरतो तो हे काम करणाऱ्या हातांचा. टप शिवणारा माणूस धड शिंपी नव्हे आणि धड मेकॅनिकही नव्हे. आणि जो दोन्हीकडचा तो आपल्या कागदोपत्री व्यवहारात कोठलाच राहत नाही. खाणी २०१२ आणि पुन्हा २०१८ साली बंद पडल्या तेव्हा ट्रकमालकांच्या हालअपेष्टांची चर्चा झाली, ती होणे उचितच होते. पण त्या ट्रकांच्या ताडपत्र्या शिवणाऱ्यांची आठवण कितीजणांना झाली? केंद्र सरकारने २०२३ साली सुरू केलेल्या विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत शिंपी आहे. त्या शिंप्यात हा मोटारींचा शिंपीही मोजला जावा, अशी आमची मागणी आहे. डिचोली आणि पेडणे या दोन्ही ठिकाणी सरकारी औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. तेथे काही महिन्यांचा टप, गादी आणि ताडपत्री शिवणकामाचा वर्ग काढावा आणि त्या वृद्ध कारागिरासारख्यांस मानधन देऊन शिकविण्यास बोलवावे. यास फार मोठा खर्च येईल असे आम्हांस वाटत नाही. एक जाड कापडाचे शिलाईयंत्र, काही कापड आणि थोडी इच्छा एवढेच भांडवल पुरेल. शिकलेल्या मुलाला काम तरी कमी कोठे आहे? किनाऱ्यावरील होड्यांची आच्छादने, जत्रेतील दुकानांच्या कनाती, ट्रकांच्या ताडपत्र्या, हे सारे त्याच यंत्राखालून जाणारे आहे.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासंबंधी समिती नेमली आणि मोटारींचाही त्या विचारात समावेश केला. वस्तू विकत घेणाऱ्यास ती दुरुस्त करून वापरण्याचा हक्क आहे, हे तत्त्व स्वागतार्हच आहे. परंतु दुरुस्त करणारा हातच उरला नाही, तर त्या हक्काचे करावयाचे काय? हक्क दिल्लीहून येऊ शकेल, हात मात्र आपल्या गावातच घडवावे लागतात.

म्हणून सरकारला सांगावयाचे ते सांगून झाल्यावर वाचकांनाही आमचे एक मागणे आहे. आपला टप उसवला तर बदलण्यापूर्वी एकदा तो जाणत्या शिवणाऱ्याच्या अंगठ्याखाली द्या, आणि तो सांगेल ती मजुरी घासाघीस न करता द्या. त्या मजुरीकडे पाहूनच उद्या एखादा मुलगा त्याच्या शेजारी येऊन सुई हाती धरील. मृग दरवर्षी येणारच आहे. तो येईल तेव्हा शिवणारा कोणी असावा, एवढी तरतूद आपण करून ठेवावयास हवी.