लॉकडाऊन, ओटीचे ब्लाउजपीस आणि फॅशन डिझाइनची प्रॅक्टिस

फॅशन डिझाइन शिकणारी मुलं-मुली दुकानात आली की एक तक्रार हमखास असते. "सर, घरी डमी नाही, कापड महाग झालंय, प्रॅक्टिस कशावर करायची?" मग मी त्यांना २०२० चा लॉकडाऊन आठवायला सांगतो.

२५ मार्चपासून देश बंद. लोकल बंद झाली म्हणजे तळेगावकरांसाठी रविवार पेठ आणि लक्ष्मी रोडही बंद. कापड, लेस, अस्तर, बटणं, काहीच मिळेना. कॉलेजची मशीन आणि डमी तिकडेच अडकले. ऑनलाइन लेक्चरला पॅटर्न दिसतो हो, पण कापड अंगावर कसं पडतं ते स्क्रीनवर कळत नाही. वर्षाची फी भरलेली आणि हाताची सवय मोडत चाललेली, खरी धास्ती ही होती.

पण कापड घरातच होतं! आपल्याकडे कपाटात ओटीच्या ब्लाउजपीसचा गठ्ठा नाही असं घर दाखवा. या घरातून त्या घरात फिरतात, शिवत कुणी नाही. आता पाव स्केलचा हिशोब बघा. चार मीटर लागणारा ड्रेस पाव मापात केला, तर लांबी एक मीटर आणि पन्ना ४४ ऐवजी ११ इंच. म्हणजे मीटरभराच्या एका तुकड्यात चार ड्रेसचे नमुने! डमी म्हणून जुनी बाहुलीही चालते, कापड गुंडाळून मापात आणायची. जाड कापड छोट्या मापात ताठ राहतं, त्यामुळे पातळ निवडायचं.

एप्रिलच्या सुरुवातीला केंद्र सरकारने घरी शिवलेला मास्क वापरायला सांगितलं आणि घरोघरी पायमशीन सुरू झाल्या. डिझाइनच्या विद्यार्थ्याला यापेक्षा चांगला प्रोजेक्ट कुठला? ओटीतलं चकचकीत पॉलिस्टर इथे उपयोगाचं नाही, सुतीच हवं. एक मीटर कापड, ११० सेंटीमीटर पन्ना, तीन थरांचा मास्क. २० बाय २० चे तुकडे कापले तर २५ निघतात, म्हणजे ८ मास्क. एक बाजू १८ केली, चुणी थोडी उथळ घेतली, की ३० तुकडे, १० मास्क. समजा कापड ८० रुपये मीटर, तर एका मास्कमागे कापड १० रुपयांवरून ८ वर आलं. फक्त दोन सेंटीमीटरमुळे! (पैसा फंडाच्या गावात राहतो आपण, एवढा हिशोब यायलाच हवा.)

अडचण पुढे आहे. १८ च्या कटिंगमध्ये नाड्यांना पट्टी उरत नाही आणि दुकानं बंद, इलॅस्टिक कुठून आणणार? जुन्या टी-शर्टच्या पट्ट्या कापायच्या. ओढल्या की कडा आपोआप गुंडाळतात, शिवाव्याही लागत नाहीत. माझ्या मते डिझाइन म्हणजे हेच. पुढे ५० पाहुण्यांच्या लग्नांत पैठणीचे आणि खणाचे मास्क मिरवले, ते दिसायला छान होते, पण मला ही टी-शर्टची पट्टी जास्त आवडते.

ऑक्टोबर २०२० मध्ये लॅक्मे फॅशन वीकसुद्धा ऑनलाइन झाला, मग तुमच्या पोर्टफोलिओत मोबाईलवर काढलेले फोटो असले तर लाजायचं कशाला? फक्त फोटोशेजारी कापड किती लागलं, वाया किती गेलं, किती मिनिटं लागली ते लिहा. नाहीतर "घरचंच कापड, घरचीच मशीन, मग पैसे कसले?" असं मावशीने विचारल्यावर उत्तर देता येत नाही.

पुढच्या व्हिडिओत ही १८ बाय २० ची आखणी करून दाखवतो. एक सुती ब्लाउजपीस, खडू, पट्टी आणि टाचण्या घेऊन बसा.