दोन मॅग्नम आणि पुण्याची थ्री फिफ्टीन

रेमिंग्टन कंपनीने '७ एमएम रेमिंग्टन मॅग्नम' हे काडतूस १९६२ मध्ये बाजारात आणलं आणि लगेच १९६३ मध्ये विंचेस्टरने '.३०० विंचेस्टर मॅग्नम' काढलं. या दोघांत सरस कोण, यावर अमेरिकेतले शिकारी आजही हुज्जत घालतात. आपल्याकडे १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि हौसेची शिकार संपली. म्हणजे भारतातल्या जंगलात या काडतुसांच्या वाट्याला जेमतेम दहा वर्षं आली. आजोबांच्या शिकारकथेतली 'मॅग्नम' बहुधा यांच्यापैकी नसतेच. ती असते इंग्लंडच्या हॉलंड अँड हॉलंड या बंदूककारांची, १९१२ ची .३७५ किंवा १९२५ ची .३००.

हुज्जत मात्र पुण्यातही पोचली आहे. जुन्नर-शिरूरकडून बिबट्याची बातमी आली किंवा रानडुकरांनी ऊस लोळवला, की चहाच्या टपरीवर कुणीतरी हमखास म्हणतं, "त्याला मॅग्नमच पाहिजे." मग कोणती मॅग्नम, यावरून दोन तट पडतात. या गप्पांत फिरणारे काही समज तपासून पाहण्याजोगे आहेत.

"सेव्हन एमएम लांब मारते, थ्री हंड्रेड जोरात मारते"

आधी आकडे बघू. ७ एमएमची नेहमीची गोळी १६० ग्रेनची, म्हणजे साधारण साडेदहा ग्रॅमची. .३०० ची १८० ग्रेनची, म्हणजे पावणेबारा ग्रॅमच्या आसपास. दोन्ही नळीतून सेकंदाला सुमारे ९०० मीटर वेगाने सुटतात. हिशेब मांडला तर पहिलीची ऊर्जा सुमारे ४,२०० ज्यूल आणि दुसरीची ४,७०० भरते. फरक दहा-बारा टक्क्यांचा. दोन्ही रायफलींचा नेम २०० यार्डांवर जुळवून ३०० यार्डांवर बार केला, तर गोळ्या सहा-सात इंच खाली लागतात आणि दोघींतला फरक इंचभरही नसतो. एकाच खोक्यातल्या गोळ्या पाठोपाठ झाडल्या तरी सामान्य नेमबाजाची त्याहून जास्त फाकाफाक होते.

गोळ्यांतला हा फरक किरकोळ असेल, पण खांद्याचा हिशेब निराळा आहे. चार किलोची रायफल धरली तर .३०० चा धक्का ७ एमएमपेक्षा पाव पटीने तरी जास्त बसतो. धक्का सहन होत नाही म्हणून माणूस चाप ओढण्याआधीच डोळे मिटतो आणि खांदा आखडून घेतो. ही सवय एकदा लागली की महिनोनमहिने जात नाही. म्हणून निवडायचंच झालं तर माझं मत साधं आहे: जिचा धक्का तुम्ही विनातक्रार सोसाल ती घ्या. कागदावरचे ५०० ज्यूल चुकलेल्या नेमाच्या उपयोगी पडत नाहीत.

"बुडाशी पट्टा आहे म्हणजे काडतूस दणकट"

दोन्ही काडतुसांच्या पुंगळीला बुडाच्या थोडं वर एक जाडसर कडं असतं. ते मजबुतीसाठी असावं असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात ते हॉलंड अँड हॉलंडच्या काडतुसांतून वारशाने आलं. त्या पुंगळीचा खांदा फार उतरता होता, त्यामुळे काडतूस नळीत किती आत जाऊन थांबायचं हे खांद्यावर ठरवता येईना. ते काम या कड्याकडे दिलं. १९६२-६३ च्या पुंगळ्यांना चांगला ठसठशीत खांदा आहे, कड्याची गरज नाही. ते राहिलं ते राहिलंच, ग्राहकाला ओळखीचं वाटतं म्हणून असेल. .४१६ रिग्बी आणि सैन्यांच्या स्नायपर रायफलींत वापरलं जाणारं .३३८ लापुआ मॅग्नम ही दोन्ही अवजड काडतुसं बिनकड्याची आहेत.

'मॅग्नम म्हणजे आत भयंकर दाब' हाही याचाच जुळा भाऊ. १९०६ सालच्या .३०-०६ ची अमेरिकी मानकातली दाबमर्यादा ६०,००० पीएसआय आहे आणि ७ एमएम रेमिंग्टन मॅग्नमची ६१,०००. जोर वाढतो तो पुंगळीत दारू जास्त मावते म्हणून.

एक गोष्ट मात्र खरोखर जिवावर बेतू शकते. ७ एमएम आणि .३०० विंचेस्टर या दोन काडतुसांचं बूड एकाच मापाचं आहे. .३०० विंचेस्टर मॅग्नमच्या नळीत ७ एमएमचं काडतूस जातं, बोल्टही मिटतो. गोळी नळीपेक्षा बारीक आणि पुंगळीभोवती मोकळी जागा, अशा अवस्थेत बार झाला तर पुंगळी फुगते किंवा फुटते आणि तापलेला वायू मागे येऊ शकतो.

"वाघ-बिबट्याला मॅग्नमशिवाय पर्याय नाही"

जिम कॉर्बेट यांनी १९०७ मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारली, त्यानंतर त्यांना रिग्बीची .२७५ रायफल भेट मिळाली. १९२६ मध्ये रुद्रप्रयागचा बिबट्या त्यांनी याच रायफलीने मारला. हे काडतूस म्हणजे जर्मन ७×५७ माउझरच, मॅग्नम मुळीच नव्हे. आफ्रिकेत बेल नावाच्या शिकाऱ्याने याच काडतुसाने शेकडो हत्ती पाडले. ते आदर्श म्हणून सांगत नाही, पण जागेवर बसलेली गोळी काय करते ते त्यावरून कळतं. जनावर कोसळतं ते गोळी हृदय, फुप्फुस किंवा मज्जासंस्थेपर्यंत पोचते तेव्हा. तिथवर शाबूत पोचायचं की वाटेतच फुटायचं, हे गोळीच्या बनावटीवर ठरतं: शिशावरचं तांब्याचं कवच किती जाड, टोक उघडं की बंद. पातळ कवचाची गोळी मॅग्नमच्या वेगाने हाडावर आदळली तर वरच्यावर फुटून जाऊ शकते.

यवतमाळच्या पांढरकवड्यातली टी-१ म्हणजे अवनी वाघीण २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री मारली गेली. त्यानंतरचा वाद आठवून बघा. तो पेटला तो काडतुसावरून नव्हे, तर बेशुद्धीचा डार्ट, रात्रीची वेळ आणि परवानगीच्या अटी यांवरून. २०२५ च्या नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडला माणसांचे बळी घेणाऱ्या बिबट्याला गोळ्या घातल्या गेल्या, तेव्हाही आधी वनखात्याचा आदेश लागला. बिबट्या वन्यजीव कायद्याच्या अनुसूची एकमध्ये आहे. मुख्य वन्यजीव रक्षकाच्या लेखी परवानगीशिवाय त्याला मारलं तर किमान ३ वर्षं कैद, आणि ती ७ वर्षांपर्यंत जाऊ शकते. रानडुकराचं थोडं वेगळं. पिकांची नासाडी होत असेल तर वनाधिकाऱ्याकडे अर्ज करून परवानगी मिळू शकते. पण उसाच्या फडात मॅग्नम? चुकलेली गोळी जमिनीवर पडेपर्यंत तीन-चार किलोमीटर जाऊ शकते. पुणे जिल्ह्यात तेवढ्या अंतरात वस्ती नाही असा फड दाखवाच.

"परवाना काढला की हवी ती रायफल घेता येते"

इथे हुज्जत खरं म्हणजे संपतेच. परदेशी बंदुकांची खासगी आयात १९८० च्या दशकातच जवळजवळ बंद झाली, नामांकित नेमबाजांना तेवढी सवलत आहे. त्यामुळे देशातल्या मॅग्नम म्हणजे हातोहात फिरणाऱ्या जुन्या रायफली, आणि त्यांना विदेशी काडतूस मिळवता मिळवता मालक मेटाकुटीला येतो. .३०३ लष्करी बोअर म्हणून सामान्य नागरिकाला निषिद्ध. सरकारने बोअर बघून बंदुका अडवणं नवं नाही. बंडखोरांच्या हाती लष्करी काडतुसं पडू नयेत म्हणून ब्रिटिशांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारतात .४५० बोअरच्या रायफलींवर बंधनं आणली. त्यावर इंग्लंडच्या बंदूककारांनी .४७० नायट्रो एक्स्प्रेससारखी काडतुसं घडवली.

मग उरते ती आपली .३१५, बोलीभाषेत थ्री फिफ्टीन. रायफल इछापूरच्या कारखान्याची, काडतूस आपल्याच खडकीचं. १८६९ मध्ये सुरू झालेला खडकीचा दारूगोळा कारखाना आता म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आहे, आणि तिचं मुख्यालयही पुण्यात. थ्री फिफ्टीनचं काडतूस हातात घेऊन उलटं धरा. पितळी बुडाच्या मधोमध टोपी, आणि तिच्याभोवती '८ एमएम' आणि 'केएफ' असे ठसे. केएफ म्हणजे किर्की, अर्थात खडकी, फॅक्टरी. जड, संथ गोळी. शंभर-दीडशे मीटरपलीकडे भरवसा कमी. पण परवानाधारकाच्या हाती प्रत्यक्ष येतं ते हे. एका वेळी किती काडतुसं बाळगायची आणि वर्षाला किती घ्यायची, तेही परवान्यावर लिहिलेलं असतं. मोजक्या काडतुसांत सरावही मोजकाच होतो.

सराव करायचा तर पुणेकर बालेवाडीला जातो, आणि तिथे हातात येते .२२. तिची गोळी अडीच ग्रॅमची, ऊर्जा दीडशे ज्यूलच्या आत. पॉइंट थ्री हंड्रेडच्या तिसाव्या हिश्शाहूनही कमी. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेती झाली ती याच काडतुसावर. पुण्यात सराव करणाऱ्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ऑलिंपिकचं कांस्यपदक मिळवलं, तेही यावरच.

वाड्याच्या माळ्यावर आजोबांची रायफल निघालीच, तर आधी कागद. परवानाधारक गेल्यावर ती वारसाच्या घरात पडून राहता कामा नये. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून वारसाने आपल्या नावाने परवाना मागायचा. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात, तेही आधी मोजून घ्यावं. मग नळीवरचा ठसा. नुसतं '.३०० मॅग्नम' लिहिलेलं असेल तर ती हॉलंडची की विंचेस्टरची, हे ठशावरून कळत नाही. हॉलंडची पुंगळी बहात्तर मिलिमीटरच्या पुढे, विंचेस्टरची सदुसष्टच्या आत. दोघींची काडतुसं अदलाबदल करण्याजोगी नाहीत. बंदूककाराने चेंबर मोजून सांगेपर्यंत त्या नळीत कुठलंच काडतूस घालू नये.