लेकरू घाबरते तेव्हा
(ऊस विकास विभागाकडून)



या पानावर एरवी आम्ही बेणेप्रक्रिया, खोडव्याची निगा, हुमणीचा बंदोबस्त असलेच विषय घेतो. या खेपेस लेकरांच्या भीतीविषयी लिहीत आहोत. शेतकी खात्याने यात कशाला पडावे, असे कोणी म्हणेल. म्हणणे रास्त आहे. आम्ही शेतकी पदविका घेतलेली माणसे. मनाच्या शास्त्रातले जाणकार नव्हे. पण बारा महिने आपल्या बांधावर आणि अंगणात आमचे जाणे-येणे असते. लागण नोंदीचा कागद भरता भरता आणि चहाचा कप हातात असताना घरातले जे दिसायचे ते दिसतेच.

सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला पूर आला. करमाळा, माढा, मोहोळ, दक्षिण सोलापूर या भागांत नदीकाठच्या गावांत पाणी शिरले, वस्त्या वेढल्या गेल्या, काही ठिकाणी माणसे बोटीतून काढावी लागली. सीना म्हणजे आपल्या दुष्काळी पट्ट्यातली नदी. उन्हाळ्यात जिच्या पात्रातून चालत जावे तिला इतके पाणी, हे अनेकांना डोळ्यांनी बघूनही खरे वाटेना. पाणी ओसरल्यावर लोळलेला ऊस, वाहून गेलेली माती, भिजलेला कडबा हे सगळे आम्ही पाहिले. त्याचबरोबर एक तक्रार घरोघर कानावर आली. "साहेब, आभाळ आलं की पोरगं आईचा पदर सोडत नाही बघा."

ही भीती नाना रूपांनी दिसते. कोणी रात्री दचकून उठते. चार वर्षे अंथरूण कोरडे ठेवणारे सात-आठ वर्षांचे पोर पुन्हा ओले करू लागते. कोणाचे पोट नेमके शाळेच्या वेळेला दुखते. कोणी उगाच चिडते, धाकट्याला मारते. एका अंगणात दोन भावंडे चिखलाची घरे करीत आणि तांब्याने पाणी ओतून ती वाहवीत बसलेली दिसली. आजी ओरडत होती, "कसला अभद्र खेळ रे हा!" पण तो अभद्र नव्हे. मोठी माणसे पारावर बसून पुराची हकिकत दहादा सांगतात, ते काय आहे? लेकराला तसे बोलता येत नाही, म्हणून ते खेळून सांगते. त्याला खेळू द्यावे.

पोटदुखीचेही तसेच. पुष्कळांना ते ढोंग वाटते. भीती वाटली की काळीज धडधडते, घशाला कोरड पडते, हातपाय गार होतात, पोटात कालवते; पळायची किंवा झुंजायची वेळ आली असे समजून शरीर तयारीला लागते. धोका टळल्यावरही नुसत्या ढगाच्या आवाजाने ही तयारी सुरू होऊ शकते. तेव्हा पोट खरेच दुखत असते. त्याला खोटारडा म्हटले की दुखणे तेवढेच राहते आणि वर अपमान होतो.

घाबरलेल्या लेकराला आपण दोन उत्तरे देतो. एक, "बाप्या माणूस असून रडतोस?" दुसरे, "काही होत नाही, पाणी येणार नाही." पहिल्याने भीती जात नाही. ती लपते, आणि लपलेली भीती कुठून बाहेर पडेल हे सांगता येत नाही. दुसरे उत्तर मायेचे असते खरे, पण लेकराने पाणी आलेले डोळ्यांनी पाहिले आहे. जे आले ते 'येणार नाही' म्हणणाऱ्या माणसावर ते विश्वास कसा ठेवील? आमच्या पाहण्यात तिसरे उत्तर अधिक लागू पडते, आणि ते म्हणजे खरे, पण त्याला पेलेल इतके सांगणे. "पाऊस पडणार. नदीला पाणी वाढायला लागलं की आपल्याला फोन येतो. आला की आपण सगळी मिळून वरच्या शाळेत जाणार. म्हशी आधी सोडायच्या, कागदाची पिशवी आई घेणार, तू धाकटीचा हात धरायचा." एका घरी हे ठरल्यावर त्या मुलाने स्वतःच पिशवीत विजेरी आणून टाकली. ज्याच्या हाताला काम असते त्याची भीती थोडी आटोक्यात राहते. मोठ्यांचेही तसेच असते की!

आमच्या वयाच्या माणसांना ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवत असेल. अनंत चतुर्दशीचे गणपती बोळवून माणसे झोपली होती, आणि चार वाजायच्या सुमारास किल्लारीची जमीन हादरली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली गावेच्या गावे मातीच्या भिंतींखाली गेली, हजारो माणसे दगावली. धक्का इकडे सोलापुरातही जाणवला. त्यानंतर कित्येक रात्री आपल्याकडची कुटुंबेही अंगणात झोपली. माळवदाखाली जायला पोरेच काय, मोठी माणसेही धजत नव्हती. भारतीय जैन संघटनेने शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने भूकंपग्रस्त भागातली १२०० मुले पुण्यास शिक्षणासाठी नेली. या कामातली आम्हाला मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे मुले एकटीदुकटी राहिली नाहीत; तेच दुःख भोगलेली मुले एकत्र राहिली, आणि त्यांची शाळा सुरू राहिली. घंटा, प्रार्थना, जेवणाची वेळ, खेळाची वेळ यांनी मोडलेल्या मनाला आधार मिळतो. पुरानंतर ज्या घरांनी "आधी सगळं मार्गी लागू दे, मग शाळा बघू" म्हणून लेकरे घरी बसवली, त्यांनी पुन्हा विचार करावा. वह्या भिजल्या असल्या तरी चालतील, पण पोर शाळेत जाऊ द्या.

आता बिबट्याचे. डिसेंबर २०२० मध्ये करमाळा तालुक्यात बिबट्याने तिघांचा बळी घेतला. त्यात ऊसतोड कुटुंबातली एक लहान मुलगीही होती. १८ डिसेंबरला त्याला गोळी घालण्यात आली. ऐन गळिताचा हंगाम, टोळ्या फडात जायला तयार नाहीत, असे ते दिवस होते. शाळा करोनामुळे बंदच होत्या. पुढे जानेवारी २०२१ अखेर पाचवी ते आठवीचे वर्ग सुरू झाले तेव्हा बिबट्या मरून महिना उलटला होता. तरी उसाच्या कडेच्या वाटेने जायला वस्तीवरची पोरे तयार होईनात. काही बापांनी काठी दाखवून पाठवली. ती अर्ध्या वाटेतून परत आली. एका वस्तीवर मात्र लोकांनी शहाणपणाने घेतले. पहिले चार दिवस एक जण शाळेपर्यंत सोबत गेला. मग विहिरीपर्यंत. मग बांधाच्या कोपऱ्यावर नुसता उभा राहिला आणि पोरे दिसेनाशी होईपर्यंत हाका देत राहिला. पंधरा दिवसांत पोरे आपली आपण घोळक्याने जाऊ लागली.

हे आम्हाला लगेच पटले, कारण आपण एकडोळा रोपांचे हेच करतो. ट्रेमधले रोप शेडनेटमधून काढून थेट चैत्राच्या उन्हात लावले तर करपते. कायमचे शेडनेटखाली ठेवले तर लुसलुशीत राहते आणि पुढे कामाचे नाही. म्हणून पाणी थोडे तोडतो, आधी सकाळचे ऊन दाखवतो, मग दिवसभराचे. पुराला भ्यालेल्या पोराला ओढत नदीवर नेऊ नये, आणि नदीचे नावही घरात काढायचे नाही असेही करू नये. आधी लांबून पूल, मग काठ, मग एखाद्या दिवशी पायऱ्या. प्रत्येक वेळी जवळ माणूस हवा, आणि परतायचे केव्हा हे पोराने ठरवावे.

ऐन भीतीच्या वेळी उपदेश कामाचा नाही. पोराला जवळ घेऊन बसावे. गरम चहावर फुंकर घालतो तसा श्वास तोंडाने सावकाश, लांब सोडायला लावावा. आपणही त्याच्याबरोबर सोडावा. आठ-दहा वेळा केले की धडधड कमी होते. पैसा लागत नाही, आणि मोठ्यांनाही उपयोगी पडते (साखर आयुक्तांच्या बैठकीला जाताना आम्ही करून पाहिले आहे).

लेकराला भीती घालून वळण लावण्याची आपली जुनी खोडही सोडायला हवी. जेवत नाही, बुवा येईल. झोपत नाही, पोलीस नेईल. ऐकत नाही, सुई टोचायला लावीन. मग खरेच ताप येतो तेव्हा दवाखान्याच्या दारात ते लोळण घेते आणि आपणच कपाळाला हात लावतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला खेड्यातल्या लेकरांसाठी काम सुरू केले, त्याला आता ऐंशी वर्षे झाली. शाळेत मारणे आणि मानसिक छळ करणे यांस २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी घातली. घरात मात्र बुवा अजून राज्य करतो आहे.

याहून अवघड गोष्ट पुढे आहे, आणि मुख्यतः तिच्यासाठीच हा लेख आहे. नदीकाठच्या एका गावातला पाचवीतला मुलगा पुरानंतर रात्री झोपेनासा झाला. सगळ्यांना वाटले, पाण्याची भीती बसली. अंगारे झाले, डॉक्टरांच्या गोळ्या झाल्या. आत्या माहेरपणाला आली, तिच्याशी तो बोलला. त्याला पाण्याची भीती नव्हतीच. ऊस गेला त्या आठवड्यात सोसायटीच्या कर्जावरून घरात भांडण झाले आणि बाप रागाच्या भरात म्हणाला होता, "एक दिवस औषध पिऊन मोकळा होतो." बाप रात्री उठून गोठ्याकडे जाऊ नये म्हणून ते दहा वर्षांचे लेकरू जागे राहून पहारा करीत होते.

आपल्या भागात हे वाक्य रागात, कंटाळ्यात, कधी थट्टेतही तोंडून जाते. बोलणारा विसरतो. ऐकणारे लेकरू विसरत नाही, कारण ते शब्द जसेच्या तसे घेते. त्या बापाला हे कळल्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने मुलाला जवळ बसवून सांगितले: मी बोललो ते खरे आहे, ते ऐकून तू भ्यालास हेही खरे आहे, कर्ज आहे, ते फेडायला तीन हंगाम लागतील, पण त्याची काळजी मी आणि तुझा चुलता करू, तुझ्यावर ते काम नाही, मी कुठेही जाणार नाही. एवढ्यावर न थांबता तो स्वतःही डॉक्टरांना भेटला, कारण झोप त्यालाही नव्हती. आम्हाला त्याचे मोठे कौतुक वाटते. घरातली अडचण लेकरापासून पूर्ण लपवता येत नाही. आई-बापाच्या चेहऱ्यावरून त्याला ती कळतेच, आणि न सांगितलेली अडचण त्याच्या मनात दसपट होते. म्हणून अडचण सांगावी, पण ओझे आपल्याच खांद्यावर आहे हेही सांगावे.

फडावर कोपी करून राहणाऱ्या लेकरांचा विचारही इथेच करू. ती दिवाळीनंतर गाव, आजी, शाळा, सवंगडी सोडून परक्या मुलखात येतात, आणि आई-बाप पहाटे अंधारात कोयता घेऊन निघाले की आठ वर्षांची मुलगी तान्ह्याला सांभाळीत कोपीच्या दाराशी बसते. तिच्या भीतीबद्दल विचारायलाही कोणी नसते. ज्यांच्या शेताजवळ टोळी उतरली असेल त्या सभासदांच्या घरच्या बायकांनी दिवसातून एकदा त्या बाजूला चक्कर टाकावी, नाव विचारावे, विहिरीकडे जाऊ नका म्हणून सांगावे, जवळच्या शाळेत पोरांना बसवता येईल का हे गुरुजींना विचारावे. हंगामी स्थलांतरित मुलाला आलेल्या गावच्या शाळेत बसता येते.

बहुतेक लेकरे माया, झोप, शाळा आणि थोडा वेळ मिळाला की काही आठवड्यांत सावरतात. पण महिना उलटूनही झोप-जेवण रुळावर येत नसेल, पोर कोणाशी बोलेना, खेळेना, किंवा "मी नसतो तर बरं झालं असतं" असे काही बोलू लागले, तर वाट पाहू नये. सोलापूरच्या सिव्हिल हॉस्पिटलात मानसोपचार विभाग आहे. २०२२ साली सुरू झालेल्या सरकारच्या 'टेली-मानस' सेवेचा क्रमांक १४४१६ असून तिथे रात्री-अपरात्री फुकट आणि मराठीत बोलता येते. लेकरू संकटात असेल तर १०९८. अंगाऱ्याला आमची ना नाही, पण अंगारा लावून डॉक्टरांकडे जावे.

राहिले औषधांचे. तणनाशके, कीटकनाशके आम्हीच आपल्याला सुचवतो, तेव्हा हे सांगणे आमच्याच खात्याचे काम आहे. उरलेले औषध थंड पेयाच्या बाटलीत ओतून ठेवू नये. तहानलेले पोर बाटली पाहते, चिठ्ठी वाचत नाही. डबे गोठ्याच्या वळचणीला किंवा पलंगाखाली नकोत. लाकडी असो, पत्र्याची असो, एक पेटी करावी, तिला कुलूप लावावे, आणि घरात कोणाचे मन ठिकाणावर नसेल त्या दिवसांत ती पेटी भावकीत दुसऱ्या घरी ठेवावी. वर सांगितलेल्या घरी किल्ली आता आजीच्या कमरेला असते. लागण नोंदीला आमची माणसे येतील तेव्हा जात, क्षेत्र, लागणीची तारीख यांबरोबर औषधाचा डबा कुठे ठेवता हेही विचारतील. राग मानू नये.