भाताने मागे सारलेला नीरफणस

नीरफणस म्हटले की कोकण-गोव्याकडच्या वाचकांना रवा लावून तळलेले खमंग काप आठवतात. फणसाचाच हा भाऊबंद, पण गरे नसलेला. आपल्याकडे तो तोंडी लावण्यापुरता. प्रशांत महासागरातील बेटांवर मात्र पिढ्यान्‌पिढ्या तेच मुख्य अन्न होते, आपली भाकरी असावी तसे!

तेथे नीरफणसाच्या शेकडो जाती आहेत. त्या निरनिराळ्या महिन्यांत फळतात, म्हणून परसात एकच जात न लावता अनेक लावण्याची रीत पडली. तरीही हंगामात फळे उरतातच. मार्शल बेटांवर ती सोलून समुद्राच्या पाण्यात भिजवतात आणि पाने अंथरलेल्या खड्ड्यात आंबवतात. या 'ब्विरो'चा वास नवख्याला सोसणार नाही. पण तो महिनोन्‌महिने टिकतो. वादळाने झाडे झोडपली की तोच आधार. नारळाचा रस घालून, पानात गुंडाळून भाजला की घरची मुले आवडीने खातात.

मग हे अन्न मागे का पडले? अमेरिकेने १९४६ ते १९५८ या काळात मार्शल बेटांवर ६७ अणुचाचण्या केल्या. काहींना आपली बेटेच सोडावी लागली. मदत म्हणून तांदूळ, मैदा, डबाबंद मांस आले आणि ताटात कायमचे बसले. आज जगात मधुमेहाचे प्रमाण सर्वाधिक असलेल्या देशांत मार्शल बेटांची गणना होते. दोष एकट्या भाताचा नाही. साखर आणि बैठे जीवनही आहेच. पण नीरफणसाबरोबर त्यातला चोथाही ताटातून गेला, हे खरे.

जातीजातींत फरक असतो. सामोआतील 'माफाला' जातीत प्रथिने चांगल्या प्रतीची आहेत. पोनपे बेटावरची बियांची 'मेई कोले' पिकली की गर पिवळा होतो. त्यातील कॅरोटिनपासून शरीर 'अ' जीवनसत्त्व तयार करते. याच बेटावर लहान मुलांत 'अ' जीवनसत्त्वाची कमतरता आढळली होती. दारात झाड, आणि मुले कोऱ्या भातावर!

आपल्याकडे नीरफणस मिळाला तर काप तळण्याऐवजी तो उकडून किंवा तव्यावर थोड्या तेलात भाजून पाहा. मधुमेहींनी मात्र त्याला भाजी समजू नये. तो पिष्टमय आहे. ताटात घेतला तर तेवढा भात कमी करावा. त्यात पोटॅशियम भरपूर असल्याने मूत्रपिंडाच्या रुग्णांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच खावा.